नहर-ए-अंबरी

शाळेत मलिक अंबर आम्हांला भेटला तो भातवडीच्या लढाईपुरता. १६२४ साली शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, एवढे पाठ करून माझी सातवी झाली. ह्याच माणसाने एका शहराला घरबसल्या पाणी दिले, हे संसारात पडल्यावर वाचनालयाच्या पुस्तकांतून कळले. डोक्यावरून हंडे वाहिलेल्या भगिनींना ती हकिगत आवडेल, म्हणून लिहिते.

मलिक अंबर हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी येथे शहर वसविले. वाडे उभे राहतात हो, पण रोज सकाळी पाणी कोठून आणावयाचे? त्याने उत्तरेस हर्सूलच्या बाजूचे भूगर्भातील पाणी हेरले आणि चुनेगच्ची नळातून, जमिनीखालून, ते शहरात आणले. मोट नाही, रहाट नाही. सारे काम उताराच्या हिशेबाने. पाणी झाकलेले, म्हणून उन्हाने आटत नाही, केरकचरा पडत नाही. गाळ काढावयास वाटेत जागोजाग विहिरीसारखी तोंडे ठेविली होती. घरची मोरी तुंबली की ह्या तोंडांचे महत्त्व आपल्यालाच कळते!

त्याच्या मागून आणखी नहरी झाल्या. त्यांतल्या एकीवर पाणचक्की बसविली. पाण्याच्या जोराने जाते फिरे व फकिरांना, वाटसरूंना पीठ मिळे. पहाटे उठून दळणाऱ्या आमच्या आजीला हे सांगावयास हवे होते.

१६२६ साली मलिक अंबर वारला. मुलाने शहराचे नाव फत्तेनगर केले, १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केले, २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. नहरीचे नाव मात्र अंबरीच राहिले. त्याने लढाईतील जयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसतो. नहर जमिनीखाली, तिच्यावर घरे झाली, पाये खणताना नळ फुटले, आणि कोणाला हळहळही वाटली नाही. ज्यांनी ती खणली त्यांची नावे तर कोठेच नाहीत.

तिकडे जाल तेव्हा पाणचक्की पाहाच. पण तेथले पाणी दुसऱ्या नहरीचे आहे. अंबरी नहर कोठे, हे मुद्दाम विचारावे लागते.