खोलीत माणसं किती?

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असं कमिटीने सांगितलं. पाण्याची टाकी, लिफ्ट, गणपती यांवर इतर सभासद लिहिणारच आहेत. मी भाडेकरूंविषयी लिहितो. आपल्यातले बरेच जण चाळीतल्या भाड्याच्या खोलीतून इथे आले, हे आपण विसरत चाललो आहोत.

माझे वडील १९५२ साली कोकणातून परळला आले, ते गावकीच्या खोलीत. खोली दहा बाय बाराची, माणसं अठरा. गिरणीच्या पाळ्यांमुळेच ते जमायचं. काही कामावर, काही झोपलेले. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, जेवण खानावळीत. लग्नानंतर वडिलांनी पागडी भरून लालबागला खोली घेतली. तिथे आम्ही नऊ जण.

मुंबईतली दाटी त्याहून जुनी. १८९६ च्या प्लेगात सरकारने घरं तपासली, उजेड यावा म्हणून कौलं काढली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने गर्दीच्या वस्त्या पाडल्या, पण तेवढी घरं बांधली नाहीत. मग उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली गर्दी वाढली.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. कायद्यातल्या कारणाशिवाय भाडेकरूला काढता येईना, त्याचं पाणी तोडता येईना. भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळे. म्हणून रेशनकार्डावरच्या नावाला आमच्या घरात फार किंमत!

पण मालकाचीही बाजू होती. त्या भाड्यात जिन्याची फळीसुद्धा बदलता येत नसे. पागडी घेणं गुन्हा, तरी ती पावतीशिवाय चालायचीच. चाळींना टेकू लागले. शेवटी १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलं नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये म्हटलं. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के भाडेवाढ, पागडीला मान्यता आणि करार लेखी व नोंदलेला हवा, अशी सक्ती आली. नोंदणीची जबाबदारी मालकाची.

त्याच वर्षी आपली सोसायटी नोंदली गेली. आपण भाडेकरू होतो, ते मालक झालो. सुरुवातीला फ्लॅट भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून आपण मनाला येईल तेवढे पैसे घ्यायचो. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने बिनभोगवटा शुल्काला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा ते थांबलं.

आता एक कबुली. २००९ मध्ये मी सेक्रेटरी होतो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत चार मुलं राहायची. करार नोंदलेला, पोलिसांत माहिती दिलेली, भाडं वेळेवर. 'येणंजाणं फार' अशी तक्रार आली आणि मी मालकाला नोटीस दिली. त्यात कारण लिहिलं : संख्या जास्त. आठ दिवसांत मुलं गेली. जाताना एकाने चावी देत विचारलं, "काका, आमचं चुकलं काय?" मी म्हणालो, "कमिटीचा निर्णय आहे." चौघांची संख्या मला जास्त वाटली, आणि माझा बाप अठरांतला एक होता.

यंदाच्या वार्षिक सभेत पुन्हा तसाच ठराव येतो आहे : भाड्याच्या फ्लॅटमध्ये तीनच माणसं, अविवाहितांना मनाई. पाणी पुरत नाही, लिफ्टवर ताण येतो, हे खरंच आहे. पण त्यासाठी नियम करायचा तर तो मालकाच्या सहा माणसांच्या घरालाही लागू करा. करार नोंदलेला आहे का, हे जरूर विचारा. रात्री गोंधळ झाला तर जाब विचारा, कोणाच्याही घरात होवो. लग्न झालंय का, गाव कुठलं, हे मात्र विचारू नका.

मी ठरावाच्या विरोधात हात वर करणार आहे. तो मुलगा कुठे असेल, माहीत नाही. त्याला उत्तर देण्याची एवढीच संधी माझ्याकडे उरली आहे.