मोटारीची मूठ

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्राच्या पोटांत शिरतात. चक्रें, दंड, तेलाचा दाब यांचें वर्णन पानेंच्या पानें चालतें. माणसाचा हात जेथें यंत्राला लागतो त्या मुठीच्या वांट्याला एखादें वाक्यहि येत नाहीं. मोटारीच्या गिअरच्या दांड्यावरील मुठीची हीच गत आहे. हौशी माणूस ती काढून आपल्या आवडीची मूठ तेथें बसवितो, व हा निव्वळ शोभेचा प्रकार आहे असें सर्वांस वाटतें. हातानें गिअर बदलावयाच्या गाडींत तें बहुतेक खरेंहि आहे. आपोआप गिअर बदलणाऱ्या, म्हणजे ऑटोमॅटिक, गाडींत तें बहुधा खरें नसतें. आणि तें कां, हें समजण्यास अमेरिकेंतील मोटारींचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

जनरल मोटर्स कंपनीनें १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाडीबरोबर 'हायड्रामॅटिक' नांवाची यंत्रणा बाजारांत आणली. क्लचवरील पाय सुटला, गिअर केव्हां बदलावा हा विचारहि चालकाकडून यंत्राकडे गेला. दांडी मात्र राहिली. पूर्वीं ती काम करीत असे. आतां ती स्टिअरिंगच्या खांबावर बसून नुसता हुकूम सांगूं लागली. 'पार्क' ही वेगळी जागा तींत नव्हती; इंजिन बंद करून दांडी 'रिव्हर्स'मध्यें टाकली म्हणजे गाडी जखडली जाई. पुढें 'पार्क' आला, परंतु अक्षरांचा क्रम ज्याच्या त्याच्या मर्जीचा. पुष्कळ गाड्यांत पी, एन, डी, एल, आर असा क्रम असे. म्हणजे पुढें नेणारा 'एल' आणि मागें नेणारा 'आर' यांची भिंतीला भिंत! चिखलांत रुतलेली गाडी पुढेंमागें हलवून काढण्यास हा शेजार सोयीचा खरा. पण गाडी चिखलांत रुतते कितीदां, आणि रहदारींतून जाते कितीदां? क्रायस्लरनें १९५६ पासून कांहीं वर्षें दांडीच्या जागीं बटणें बसविलीं. एड्सेल गाडींत १९५८ सालीं तीं स्टिअरिंगच्या चाकाच्या मधोमध, जेथें भोंगा वाजविण्यासाठीं हात जावयाचा तेथें, नेऊन ठेवलीं. राल्फ नेडर यांनीं १९६५ सालच्या आपल्या ग्रंथांत या अक्षरांच्या गोंधळावर कडक टीका केली. अखेर १ जानेवारी १९६८ पासून 'पुढें' आणि 'मागें' यांच्यामध्यें 'न्यूट्रल' असलाच पाहिजे, असा तेथील सरकारचा नियम झाला.

हात डोळ्यांवांचून चालतो, ही गोष्ट वैमानिकांच्या जगांत याआधींच कळून चुकली होती. दुसऱ्या महायुद्धांत बी-१७ विमानें सुखरूप उतरल्यावर वैमानिक पंखांच्या पट्ट्या मिटण्याऐवजीं चाकेंच मिटून घेत. अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाला दिसून आलें कीं, दोन्ही कळा शेजारीं व एकसारख्या आहेत. त्यानें एकीवर रबराचें लहानसें चाक व दुसरीवर पाचरीसारखा तुकडा बसविला. दोष वैमानिकाचा नसून मुठीचा आहे, हें ओळखण्यास लागणारी बुद्धि आम्हांस मोठ्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

१९६० नंतरच्या दशकांत पुष्कळ गाड्यांत दांडा पुन्हां दोन आसनांमध्यें उतरला. त्याच्या मुठीवर बहुधा एक कळ असते. दांडा पोकळ, आंत बारीक सळई; कळ दाबली कीं सळई सरकते व खालची खिटी खांचेंतून सुटते. कळ न दाबतां दांडा 'पार्क'मधून निघत नाहीं, आणि चालत्या गाडींत कोपराच्या धक्क्यानें 'रिव्हर्स'मध्यें जात नाहीं. मर्सिडीजच्या कांहीं गाड्यांत नागमोडी खांच हेंच कुलूप असल्यामुळें कळ लागत नाहीं. पण इतरत्र मूठ म्हणजे कुलपाचा अर्धा भाग होय.

हौसेला हें ठाऊक नसतें. अमेरिकेंत बिलियर्डचा आठ आंकड्याचा चेंडू किंवा कवटी, जपानांत आंत फुलें गोठविलेली काचेसारखी पारदर्शक मूठ, असे नाना नमुने निघाले. त्यांचा जन्म हाताच्या गिअरसाठीं. तेथें मूठ आट्यांवर फिरवून बसविली कीं काम झालें. (आटेहि सारखे नसतातच, होंडाचे बहुधा १० मिलिमीटरचे, टोयोटाचे १२ मिलिमीटरचे.) तोच गोळा ऑटोमॅटिक गाडीवर चढविला कीं कळ नाहींशी होते आणि दांडा 'पार्क'मध्यें अडकून बसतो. मग एखादा महाभाग सळई कायमची दाबून ठेवतो, म्हणजे पन्नास वर्षांच्या अनुभवानें घातलेलें कुलूप पांच मिनिटांत मोडतो. ज्यास मूठ बदलावयाचीच असेल त्यानें कळ व स्प्रिंग असलेली, आपल्या गाडीच्या सळईशीं जुळणारी मूठ घ्यावी. जुन्या मुठींत तारा असतील तर त्याहि जोडाव्या. आणि हातब्रेक ओढून, चाकाखालीं दगड लावून, प्रत्येक जागेंतून दांडा फिरवून पाहावा.

मुठीनें हाताला जागा सांगितली नाहीं तर काय होतें, हें २०१६ सालीं पुन्हां दिसलें. जीप ग्रँड चेरोकीच्या कांहीं गाड्यांतील दांडा ढकलल्यावर परत मधल्या जागीं येई. गाडी कोणत्या गिअरांत आहे हें हाताला कळत नसे. त्या वर्षाच्या एप्रिलांत कंपनीनें अशा सुमारें ११ लक्ष गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. जूनमध्यें अँटन येल्चिन हा तरुण नट, त्यांतलीच आपली गाडी उतारावरून घरंगळत आल्यामुळें, तिच्यांत व फाटकाच्या खांबांत सांपडून मरण पावला.