स्वस्त दिवा, लांबचा उजेड

गडभटकंतीचा हंगाम जवळ आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: खिशाला परवडेल, पण दरीपलीकडचा कडा उजळून काढेल अशी विजेरी कोणती घ्यावी? बाजारात पाचशे रुपयांच्या खोक्यावर लाखाच्या घरातले ल्यूमेन छापलेले असतात. प्रश्न आजचा वाटतो. परंतु नेमका हाच सौदा दोनशे वर्षांपूर्वी एका राष्ट्राने आपल्या संपूर्ण किनाऱ्यासाठी केला होता, आणि पुढची चाळीस वर्षे त्याचे मोल खलाशी चुकवीत राहिले. आजचा धागा त्या सौद्याविषयी. विजेरीकडे शेवटी येऊच.

आधी अडचण समजून घेऊ. उघड्या ज्योतीचा उजेड चहूकडे पसरतो. अंतर दुप्पट झाले की तोच उजेड चौपट क्षेत्रावर विखुरला जातो. म्हणजे केवळ ज्योत वाढवून दुप्पट लांब पोहोचायचे असेल, तर तेल चौपट जाळावे लागते. तिप्पट लांब जायचे तर नऊपट. हा हिशेब कोणत्याच खजिन्याला पेलणारा नव्हता.

इंग्लिश खाडीतील एडिस्टनच्या खडकावर जॉन स्मीटनने १७५९ मध्ये उभारलेला मनोरा स्थापत्यशास्त्राच्या इतिहासात मानाने मिरवतो. लाटांचा मारा सोसण्यासाठी त्याने दगड एकमेकांत खाचा करून असे गुंतवले की मनोरा जणू एकसंध व्हावा. आणि त्या अजोड मनोऱ्याच्या माथ्यावर दिवा कोणता? प्राण्यांच्या चरबीच्या चोवीस मेणबत्त्या. दगडाचे गणित सुटले होते, उजेडाचे नव्हते.

ते सुटण्याची सुरुवात लिव्हरपूलच्या गोदीत झाली. तेथील गोदीप्रमुख विल्यम हचिन्सन याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एका मैफिलीत पैज लागली: दमडीच्या मेणबत्तीच्या उजेडात दुरून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. लाकडी थाळीच्या आतल्या बाजूस लुकण थापून त्यात आरशाचे तुकडे बसवले, समोर मेणबत्ती ठेवली, आणि पैज जिंकली. अंतर किती होते, हे सांगणाऱ्यागणिक बदलते, त्यामुळे मी ते येथे देत नाही. इतके मात्र खरे की १७६० च्या दशकात हचिन्सनने लिव्हरपूलजवळच्या दीपगृहांत आरशाच्या तुकड्यांचे अन्वस्ताकार परावर्तक बसवले. अन्वस्त म्हणजे असा वक्र, ज्याच्या नाभीत दिवा ठेवला असता परतणारे सगळे किरण एकमेकांना समांतर निघतात. दिवा तोच, तेलही तेवढेच. फक्त मागे आणि बाजूंना वाया जाणारा उजेड एका दिशेला वळवला.

पुढे १७८० च्या सुमारास जिनिव्हाच्या आमी आर्गांने नळीसारखी पोकळ वात आणि तिच्याभोवती काचेची चिमणी असा दिवा काढला. ज्योतीला आतून-बाहेरून हवा मिळू लागली. उजेड वाढला, धूर घटला. आर्गांचा दिवा आणि अन्वस्ताकार आरसा ही जोडी युरोपच्या किनाऱ्यांवर स्थिरावली. आता आपल्या कथेतला सौदागर रंगमंचावर येतो.

विन्स्लो लुईस हा बॉस्टनचा जहाजकप्तान. १८१० मध्ये त्याने एका दिव्याचे पेटंट घेतले: आर्गांच्या धर्तीचा दिवा, मागे परावर्तक, पुढे भिंग. १८१२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने त्याचे हक्क विकत घेण्यास मंजुरी दिली, आणि १८१५ पर्यंत देशातील जवळपास सर्व दीपगृहांत लुईसचे दिवे लागले. त्यांचा मोठा गुण म्हणजे काटकसर. जुन्या दिव्यांच्या मानाने तेल निम्म्यावर आले. त्या काळी दीपगृहांत देवमाशाचे तेल जळत असे आणि ते स्वस्त नव्हते.

पण वस्तू कशी होती? परावर्तकाचा पत्रा पातळ. त्याचा आकार अन्वस्तापेक्षा साध्या वाटीच्या जवळ जाणारा. त्यावरील चांदीचा मुलामा इतका विरळ की रखवालदाराने चार वेळा घासून पुसला की खालचे तांबे डोकावे. पुढचे भिंग हिरवट बाटलीच्या काचेचे. ते उजेड एकवटण्याऐवजी थोडा गिळूनच टाकी. जुन्या धुरकट दिव्यांच्या शेजारी ठेवले तर लुईसचा दिवा उजळ दिसे, यात शंका नाही. प्रश्न तुलना कशाशी करायची, हा होता.

ही तुलना करण्याचे काम ज्याच्याकडे होते तो स्टीफन प्लेझन्टन हा कोषागार खात्यातील लेखापाल. (१८१४ मध्ये ब्रिटिश फौज वॉशिंग्टनवर चालून आली तेव्हा स्वातंत्र्याचा जाहीरनामा सुरक्षित जागी हलवणारा हाच कारकून. माणूस निष्ठावान होता, हे विसरू नये.) १८२० पासून १८५२ पर्यंत अमेरिकेची दीपगृहे त्याच्या अखत्यारीत होती. त्याला समुद्राचा अनुभव नव्हता, प्रकाशशास्त्राचाही नाही. त्याच्या वहीत तेलाचे पिंप होते, डॉलर होते, वाचलेली रक्कम होती. दहा कोसांवरच्या जहाजाला दिवा दिसतो की नाही, यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता. मला हा सारा प्रकार लबाडीपेक्षा मोजमापाचा वाटतो. जे मोजता येत होते तेच मोजले गेले.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये काय चालले होते? रस्ते-पुलांच्या खात्यातला ओग्युस्तँ फ्रेनेल नावाचा क्षयरोगी अभियंता १८१९ मध्ये दीपगृह आयोगाच्या कामात दाखल झाला. परावर्तकांचा दोष त्याच्या ध्यानात आला: उत्तम घोटलेली धातूदेखील पडलेल्या उजेडाचा सुमारे अर्धा भाग शोषून घेते. काचेचे भिंग फारच थोडा गमावते. पण दीपगृहाच्या मापाचे सलग भिंग म्हणजे मध्यभागी प्रचंड जाड काच. ती ओतणे दुरापास्त आणि वजन अवाढव्य. फ्रेनेलचा विचार असा: किरण वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, मग मधला गाभा हवाच कशाला? गाभा वगळून फक्त वक्र पृष्ठभाग पायऱ्यापायऱ्यांनी मांडावा. अशीच कल्पना बुफाँसारख्यांनी आधीच्या शतकात मांडली होती. फ्रेनेलला ती स्वतंत्रपणे सुचली आणि सोलेय या काचकारागिराच्या मदतीने वेगवेगळे तुकडे जोडून त्याने ती प्रत्यक्षात आणली.

२० ऑगस्ट १८२२. पॅरिसमधील विजयकमान अजून अपुरी होती. तिच्या माथ्यावर भिंग चढवले गेले आणि ३२ किलोमीटरवरून आयोगाच्या सदस्यांनी, खुद्द राजा अठराव्या लुईच्या उपस्थितीत, तो झोत पाहिला. पुढच्या वर्षी, १८२३ मध्ये, बोर्दोच्या खाडीमुखावरील कोर्दुआँ दीपगृहात ते भिंग कामाला लागले. आठ भिंगांचा पिंजरा मध्यभागीच्या एकाच दिव्याभोवती संथपणे फिरू लागला. फ्रेनेल १८२७ मध्ये गेला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

प्लेझन्टनला हे ठाऊक नव्हते असे नाही. न्यूयॉर्कचे ब्लंट बंधू खलाशांसाठी किनारामार्गदर्शिका छापत. कप्तानांच्या तक्रारी त्यांच्याकडे येत, आणि १८३७ मध्ये त्यांनी त्या सरकारपुढे मांडल्या. पण फ्रेंच भिंग महाग. किमतीचा आकडा पाहूनच लेखापालाची मान नकारार्थी हले. कॅप्टन मॅथ्यू पेरीने (पुढे १८५३ मध्ये जपानच्या दारात युद्धनौका नेणारा तोच हा पेरी) युरोपातून भिंगे मिळवली आणि १८४१ मध्ये न्यू जर्सीच्या नेव्हसिंक टेकडीवर ती बसवली गेली. तरीही धोरण बदलले नाही.

दरम्यान हॅटेरस भूशिराजवळच्या उथळ समुद्रात जहाजे फुटतच होती. त्या पट्ट्याला अटलांटिकची स्मशानभूमी म्हणतात. १८५१ च्या चौकशीत लेफ्टनंट डेव्हिड पोर्टरने लिहून दिले की हॅटेरसचा दिवा जगातला सर्वांत वाईट दिवा आहे, आणि आपल्या पहिल्या नऊ फेऱ्यांत, किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा दिसतील इतक्या जवळून वारंवार जाऊनही, तो आपल्याला दिसला नव्हता. त्या चौकशीने हिशेबही मांडला. परावर्तकांच्या दीपगृहात डझनावारी दिवे आणि तितक्याच वाती. भिंगाच्या दीपगृहात एकच दिवा. महाग भिंग काही वर्षांच्या तेलातच वसूल होत होते. १८५२ मध्ये कारभार नव्या मंडळाकडे गेला आणि १८५४ मध्ये हॅटेरसवर पहिल्या श्रेणीचे फ्रेनेल भिंग बसले.

आपल्या किनाऱ्याची काही दीपगृहे यानंतरची आहेत. खांदेरीचे १८६७ चे, मुंबईतील प्राँग्जचे १८७५ चे. ज्या खांदेरीच्या तटबंदीवरून १६७९ मध्ये मराठे आणि इंग्रज समुद्रात झुंजले, त्याच बेटावर इंग्रजांनी दिवा लावला. त्या वेळेपर्यंत भिंगाचा वाद जगभर मिटलेला होता.

आता विजेरी. हातात धरायच्या विजेरीचे पेटंट डेव्हिड मायसेलला अमेरिकेत १८९९ मध्ये मिळाले. तेव्हाच्या कोरड्या घटांवर दिवा क्षणभरच टिके, म्हणून तिचे इंग्रजी नाव ‘फ्लॅशलाइट’. घट बदलले, तारेच्या जागी एलईडी आली. भूमिती मात्र हचिन्सनच्या थाळीचीच राहिली.

म्हणून खोक्यावरचा ल्यूमेनचा आकडा हे आजचे तेलाचे पिंप आहे. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघतो. तुम्हाला हवा तो आकडा कॅन्डेलाचा: एका दिशेला झोत किती तीव्र आहे. विजेऱ्यांच्या प्रचलित मानकानुसार, जिथे उजेड पाव लक्सवर येतो, म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथपर्यंतचे अंतर ‘पल्ला’ म्हणून छापतात. कॅन्डेलाचे वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. उत्तर मीटरमध्ये येते. १०,००० कॅन्डेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४००, ९०,००० ला ६००. पल्ला दुप्पट हवा तर तीव्रता चौपट, हा नियम येथेही सुटत नाही.

आणि छापील पल्ल्यावर चांदण्याइतकाच उजेड असतो, हे लक्षात ठेवा. समोरच्या कड्यावर वाट आहे की घसरण, हे ओळखायचे असेल तर पल्ल्याचे निम्मे अंतर धरावे. तिथे उजेड चौपट असतो.

कमी पैशांत तीव्रता कशी मिळते? उगम लहान आणि आरसा मोठा. फ्रेनेलच्या पहिल्या श्रेणीच्या भिंगात ज्योतीपासून काचेपर्यंत ९२० मिलिमीटरचे अंतर होते. त्या मापापुढे ज्योत बिंदूसारखी. म्हणून एकच लहान एलईडी, तिच्याभोवती खोल, रुंद आणि गुळगुळीत वाटी असलेली विजेरी निवडा. संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत वाटी झोत मुद्दाम मऊ करते. पल्ल्यासाठी ती नको. पुढे चार-सहा एलईडी दाटीने बसवलेली विजेरी अंगण उजळते, डोंगर नाही. पुढचे तोंड सरकवून झोत लहान-मोठा करणाऱ्या स्वस्त विजेऱ्या दिसायला मोहक असतात, पण झोत बारीक केला की भिंग एलईडीपासून दूर जाते आणि बराचसा उजेड नळीतच विरतो. मला त्या पाहून हटकून लुईसचे हिरवे भिंग आठवते.

घटांबाबत एक कसोटी पुरे. १८६५० या घटाचे नाव त्याच्या मापावरून पडले आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. या मापात साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांपलीकडे क्षमता मावत नाही. ज्या घटावर ९९०० छापले आहे, तो विकणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका. आणि कोणतीही छोटी विजेरी पूर्ण उजेडात काही मिनिटेच राहते. नंतर तापल्यामुळे ती स्वतःच मंदावते. त्यामुळे मधल्या पातळीवर ती किती तास चालते, ते पाहून घ्या.

एक इशारा लेण्यांसाठी. भाजे किंवा कार्ले येथे लांब पल्ल्याची विजेरी निरुपयोगी ठरते: समोरच्या भिंतीवर पांढराशुभ्र ठिपका, भोवती काळोख. ब्राह्मी लेख वाचायचा तर साधी, पसरट उजेडाची विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने तिरपी धरावी. अक्षरांच्या खाचांत सावली साचते आणि समोरून सपाट दिसणारी ओळ उठून दिसते. संरक्षित स्मारकांत सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, तेव्हा हे दिवसा, लेण्यातल्या अंधारातच करायचे आहे.

विशिष्ट मॉडेल सुचवा, असे पुष्कळजण म्हणतील. मॉडेल दर सहा महिन्यांनी बदलतात, म्हणून नाव देत नाही. तुम्ही पाहत असलेल्या विजेरीचे कॅन्डेला, वाटीचा व्यास आणि एलईडींची संख्या खाली लिहा. पल्ल्याचा हिशेब आपण तिथेच करू.