वेताळ, रामालू आणि आपण

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा पोरकट वाटेल, पण वाचा. गेला महिनाभर मी कॉमिक्स वाचतोय. वय वर्षे पंच्याहत्तर! बिद्रीच्या घराचा माळा आवरताना पुतण्याला मराठी इंद्रजालचा गठ्ठा सापडला, त्याची ही कृपा.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे. मग मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन आले आणि डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत ८०० च्या वर अंक निघाले. आमच्याकडे कोल्हापूरला गेलेला कोणीतरी एसटी स्टँडवरून एखादा अंक आणायचा आणि तो पानं सुटेपर्यंत गल्लीभर फिरायचा.

तेव्हा फक्त मारामारी दिसायची. जन्मभर इतिहास शिकवल्यावर आता वेगळंच दिसतं. ली फॉकने वेताळ निर्माण केला १९३६ साली, म्हणजे गोऱ्यांचं राज्य असताना. जंगलातल्या काळ्या माणसांचं रक्षण पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा घराणेदार करतो, हा कथेचा पाया. मूळ कथेत चाचे होते 'सिंग', आणि एका खलनायकाचं नाव होतं 'रामा'. ही नावं इथे कशी चालणार? म्हणून इंद्रजालने सिंगचं 'सिंगा' केलं, रामाचं 'रामालू' आणि बेंगालाचं 'डेंकाली'. नावं बदलली, गोरा राजा तसाच राहिला. आणि आम्हा पोरांना खेळताना वेताळच व्हायचं असायचं!

याच इंद्रजालच्या कामात असलेले अनंत पै पुढे बाहेर पडले. परदेशी गोष्टींत रमलेल्या मुलांना रामाच्या आईचं नाव सांगता येत नाही, हे त्यांना १९६७ मध्ये दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत दिसलं. त्याच वर्षी 'अमर चित्र कथा' उभी राहिली. केवढं मोठं काम! पण तिथेही बघा, देव-राजे बहुतेक गोरेपान आणि राक्षस काळेकुट्ट. परदेशी वेताळ गेला, रंगाचा हिशेब मात्र घरातच राहिला.

मग मुलांना हे वाचायला द्यावं का? जरूर द्यावं. आमच्या गल्लीतल्या कितीतरी पोरांना वाचनाची गोडी पाठ्यपुस्तकाने नाही, या चित्रांनी लावली. फक्त एखाद्या पानावर थांबून विचारावं, "हा राक्षस काळाच का रे?" वर्गात सनावळ्या पाठ करून घेण्यापेक्षा या एका प्रश्नाने इतिहास जास्त कळतो, असं माझं मत झालंय.

असो. तुमच्या लहानपणी तुम्ही खेळात कोण व्हायचात? जरूर कळवा.