ग्लोव्हरची सुटका आणि विस्कॉन्सिनचे न्यायालय

सरकारने केलेला कायदाच अन्यायाचा असेल तर दाद कोणाकडे मागावी, असा प्रश्न आपल्या वाचनवर्गात एका भगिनीने विचारला होता. त्यावर निकाल देण्याचा माझा अधिकार नाही. पण अमेरिकेच्या इतिहासात हाच प्रश्न एका माणसाच्या जिवावर बेतला होता. ती हकीकत मैत्रिणींपुढे ठेवावी असे वाटले.

१८५० साली तेथील मध्यवर्ती सरकारने पळून गेलेल्या गुलामांविषयी एक कडक कायदा केला. उत्तरेकडील राज्यांत गुलामगिरी नव्हती; पण दक्षिणेतून पळून तेथे आलेल्या माणसालाही पकडून मालकाच्या हवाली करण्याचा अधिकार या कायद्याने दिला. पकडलेल्याला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देण्याचीही मुभा नाही. चौकशी करणाऱ्या कमिशनरने माणूस मालकाला दिला तर त्याची फी दहा डॉलर आणि सोडून दिला तर पाच! कागदपत्रांचे काम जास्त म्हणून फी जास्त, असे समर्थन केले जाई. पळालेल्याला आसरा देणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होती. म्हणजे दारी आलेल्या भुकेल्याला भाकरी घालणारी गृहिणीसुद्धा गुन्हेगार ठरावी.

मिसूरीतून पळालेला जोशुआ ग्लोव्हर हा विस्कॉन्सिन राज्यात रसीन गावाजवळच्या लाकडाच्या गिरणीत कामाला होता. १० मार्च १८५४ च्या रात्री मालक आणि सरकारी माणसे त्याच्या झोपडीत शिरली. त्याला मारहाण करून, रक्तबंबाळ अवस्थेत गाडीत घालून त्यांनी मिलवॉकीच्या तुरुंगात नेले. दुसऱ्या दिवशी रसीनहून सुमारे शंभर माणसे बोटीने मिलवॉकीस आली. तेथे शर्मन बूथ नावाच्या संपादकाने लोकांना हाक दिलेलीच होती. जमावाने तुरुंगाचे दार फोडले आणि ग्लोव्हरला बाहेर काढले. तो पुढे कॅनडात पोचला.

बूथला अटक झाली. येथून पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण दार फोडणे एका दुपारचे काम, पण त्यानंतरचा झगडा सात वर्षे चालला. बूथने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. न्यायमूर्ती एब्रम स्मिथ यांनी हा कायदा घटनेविरुद्ध ठरवून त्याला सोडले. १८५५ मध्ये मध्यवर्ती सरकारच्या न्यायालयाने त्याला एक महिना कैद व हजार डॉलर दंड ठोठावला, तेव्हा राज्याच्या न्यायालयाने त्याला पुन्हा सोडले. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रे मागितली, तर ती पाठवायचीही नाहीत असा पवित्रा राज्याच्या न्यायालयाने घेतला! अखेर मार्च १८५९ मध्ये सरन्यायाधीश टॅनी यांनी निकाल दिला, की मध्यवर्ती सरकारच्या कैद्याला राज्याचे न्यायालय सोडू शकत नाही. विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने ठराव करून तो निकाल झिडकारला. तरी १८६० मध्ये बूथला पुन्हा तुरुंग पाहावा लागला. पुढे मार्च १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी पद सोडता सोडता त्याला माफी दिली.

बूथ काही साधुपुरुष नव्हे. १८५९ मध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या एका अल्पवयीन मुलीशी दुर्वर्तन केल्याचा खटला त्याच्यावर झाला. ज्यूरीचे एकमत झाले नाही. आपण स्त्रियांनी तरी ही गोष्ट झाकून त्याचे गोडवे गाऊ नयेत.

दुसऱ्या कित्येक राज्यांनी शांतपणाचा मार्ग धरला. १८४२ च्या एका निकालात वरिष्ठ न्यायालयानेच म्हटले होते, की गुलाम परत देण्याचे काम मध्यवर्ती सरकारचे; ते राज्याच्या अधिकाऱ्यांवर लादता येत नाही. तो धागा पकडून मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनी आपले तुरुंग व आपले अधिकारी या कामाला देण्याचे नाकारले. कायदा तुमचा, तर राबणारे हातही तुमचेच असू द्या, असा हा सरळ हिशेब. मला हाच मार्ग अधिक टिकाऊ वाटतो.

मात्र राज्याने मान ताठ केली म्हणजे न्याय त्याच्याच बाजूला असतो, असे नाही. १८३२ साली साउथ कॅरोलायनाने जकातीचा मध्यवर्ती कायदा आपल्यापुरता रद्द ठरवला होता. तेच राज्य १८६० मध्ये फुटून निघाले तेव्हा, विस्कॉन्सिनसारखी राज्ये मध्यवर्ती कायदा पाळत नाहीत, हीच त्याची तक्रार होती! आणि पुढे आर्कान्सा राज्याने काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत येऊ देण्यास विरोध केला, तेव्हा १८५९ चा तोच टॅनींचा निकाल १९५८ साली त्या मुलांच्या बाजूने उपयोगी पडला.

तो कायदा १८६४ मध्ये रद्द झाला आणि १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरीच संपली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. ग्लोव्हर त्या वेळी टोरांटोजवळ माँटगोमेरी नावाच्या खाणावळवाल्याकडे कामाला होता. १८८८ मध्ये तो तिकडेच वारला. ती खाणावळ आता संग्रहालय म्हणून जपली आहे.