कांचेवरील हिमालय

हिमालयाचें एखादें सुंदर छायाचित्र पाहतांना तें काढणाराच्या मागें किती माणसें उभीं होतीं, हा विचार सहसा आपल्या मनांत येत नाहीं. म्हणून सॅम्युएल बोर्न याची हकीकत सांगावीशी वाटते.

बोर्न हा इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील एका पेढीवरचा कारकून. नोकरी सोडून तो १८६३ सालीं हिंदुस्थानांत आला आणि त्याच वर्षीं सिमल्याहून हिमालयांत शिरला. त्या काळीं ओल्या कलोडियनची रीत होती. कांचेवर कलोडियनचें पातळ पूट द्यावयाचें, काळोख्या तंबूंत ती सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि चित्र घेतल्यावर धांवत तंबूंत येऊन तें रसायनानें उमटवावयाचें. मध्यें कांच वाळली कीं श्रम फुकट! म्हणजे जेथें दृश्य, तेथें काळोखी खोलीही हवी. तंबू, जड कांचा, औषधांच्या बाटल्या, सारें माणसांच्या पाठीवरून जावयाचें. पहिल्या प्रवासांत सुमारें ३० हमाल होते. दहा आठवड्यांनीं बोर्न परतला तेव्हां त्याच्याजवळ १४७ कांचा होत्या. पुढें काश्मीरचा प्रवास झाला, आणि १८६६ सालीं मणिरंगच्या खिंडींत सुमारें १८,६०० फुटांवर त्यानें कॅमेरा उभा केला. छायाचित्रणांतील उंचीचा हा विक्रम वीसेक वर्षें टिकला. त्याच प्रवासांत तो गंगोत्रीच्या हिमनदापर्यंत जाऊन आला.

हा पराक्रम खराच. परंतु विलायतेच्या मासिकाला लिहिलेल्या पत्रांत बोर्ननें दुसरीही गोष्ट नमूद केली आहे, आणि तीही विनासंकोच. हमाल ओझीं टाकून पळत. तेव्हां हा काठी घेऊन त्यांना गांवांत शोधी व मारही देई. बर्फांतून अनवाणी चालणाऱ्या माणसानें कां पळूं नये, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाहीं. गंमत अशी कीं, एवढें करून हिमालय त्याला पुरता रुचलाही नाहीं. शिखरें अवाढव्य, पण तळीं नाहींत, अशी त्याची तक्रार. डोळ्यांत मायदेशचीं चित्रें भरलेलीं, दुसरें काय! काश्मीरचें पाणी व झाडें पाहून मात्र तो सुखावला.

त्याचीं चित्रें पाहावींत तों आकाश बहुधा कोरें दिसतें. कलोडियनला निळा रंग फार लवकर लागतो. दरीचा तपशील नीट उतरेपर्यंत आकाश पांढरें होऊन जाई. एरवीं मात्र खडकाची चीर न् चीर मोजून घ्यावी.

बोर्न यानें १८७० च्या सुमारास हा देश सोडला. ज्या कलकत्त्याच्या संस्थेला त्याचें नांव होतें, तिच्या जुन्या संग्रहाचा मोठा भाग १९९१ च्या आगींत जळाला. कागदावरील प्रती देशोदेशींच्या संग्रहालयांत आहेत. कांहीं प्रतींत दरीच्या कडेला एखादा माणूस बसविलेला आढळतो, डोंगराची उंची कळावी म्हणून. ओझें वाहणारांपैकींच तो कोणी असावा.