हुज्जत

‘हुज्जत घालू नका’ हे वाक्य कधी ऐकले नाही असा माणूस जळगाव-धुळ्यात सापडणे कठीण. कामगारांत काम करताना आम्हांला ते इतक्या वेळा ऐकावे लागले, की अखेर या शब्दाचे कूळ शोधावे असे मनाने घेतले.

शब्द मूळचा अरबी. तिकडे हुज्जत म्हणजे भांडण नव्हे. हुज्जत म्हणजे पुरावा, प्रमाण. ११११ साली निवर्तलेल्या इमाम गझालींना मुसलमान जग ‘हुज्जतुल इस्लाम’ म्हणते. इस्लामचे प्रमाण, असा त्याचा अर्थ. ‘इस्लामचे भांडखोर’ असा अर्थ करण्याची कोणाची छाती आहे?

आपल्याकडे हा शब्द फारसीच्या हाताला धरून आला. खानदेशात १६०१ पर्यंत फारुकी सुलतानांचा अंमल होता, मागून मोगल आले. दावा, फिर्याद, कज्जा, जबाब ही सारी कचेरीची मंडळी त्याच वाटेची. १९२६ साली धुळ्यात ज्यांनी देह ठेवला, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर जुन्या पत्रांतले शब्द मोजून मराठीत फारसीचा भरणा किती होता ते दाखवले आहे.

पण बाकीच्यांची अब्रू शाबूत राहिली; दावा आजही दावाच आहे. हुज्जतीची मात्र घसरण झाली. आपल्या न्यायशास्त्राने वादाचे प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसते खोडून काढणे ती वितंडा. हुज्जत प्रमाणाच्या पाटावरून उठली ती थेट वितंडेच्या पंक्तीला जाऊन बसली. उर्दूतही तिची हीच गत आहे, तेव्हा दोष एकट्या मराठीचा नव्हे.

असे का झाले? आमचा तर्क असा. कचेरीत ज्याच्याजवळ कागद, त्याचे बोलणे पुरावा ठरे. ज्याच्याजवळ नुसते तोंड, त्याची हुज्जत. १८५२ साली इंग्रज सरकारने जमिनीची नवी मोजणी काढली, तेव्हा सारा वाढेल या भयाने सावदा, एरंडोलकडची रयत हजारोंनी जमली. तिचे म्हणणे खरे की खोटे हे पाहण्याआधी सरकारने लष्कर आणले आणि पुढारी धरले. सरकारच्या लेखी तो दंगा होता.

पुढे १९४७ च्या कायद्याने मालक-मजुरांच्या अशा भांडणाला ‘औद्योगिक विवाद’ हे भारदस्त नाव दिले. ते कायद्याच्या पुस्तकात. जळगावच्या एका चटईच्या कारखान्यात एका कामगाराने जादा तासांची मजुरी मागितली. त्याच्याजवळ वही होती. तारीखवार तास टिपलेले. वही न उघडताच मुकादम म्हणाला, “हुज्जत घालतोस काय?” अरबीच्या हिशेबाने त्या खोलीत हुज्जत एकच होती, आणि ती वहीत होती. पैसे मिळाले, पण आठ महिन्यांनी, आणि ते वहीच्याच जोरावर.

जाता जाता ‘तक्रार’ या शब्दाविषयी. तोही अरबीच, आणि मूळ अर्थ पुनरावृत्ती. मदरशात विद्यार्थी धडा पुन्हा पुन्हा म्हणतात, त्याला आजही तकरार म्हणतात. आम्ही चौथ्यांदा अर्ज घेऊन गेलो की खिडकीमागचा कारकून कपाळाला आठ्या घालून विचारतो, “पुन्हा तीच तक्रार?” बिचाऱ्याला ठाऊक नसते, की तो एकच गोष्ट दोनदा म्हणतो आहे.